चौदा पावलं

गागोद्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरीवाडीवर मी पत्रकं घेऊन जायचे. नव्वदनंतरची ती वर्षं. त्यातल्या एका साली पत्रक होतं शिकारीवर, आणि मी भयंकर चिडले होते. वाडीतल्या एका तरण्या गड्यानं लांबून बाण मारला, रानडुक्कर जखमी होऊन पळालं आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर त्यानं ह्याच्याच बहिणीची मांडी फाडली. शिकार कायद्यानं बंद, हे मला पाठ होतं. पण डुकरांनी उकरलेली वाडीची नाचणी बघितल्यावर ते पाठांतर तिथं म्हणून दाखवायची मला लाज वाटली. एवढंच छापलं: वीस पावलांपलीकडून बाण सोडणं हा गुन्हा आहे!

वाडीतल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं पत्रक माझ्याकडूनच वाचून घेतलं. "ईस पावलं कुनाची गो, ताय?"

"सगळ्यांची!"

"मंग तूच मारून दाव ईसवरनं."

वाडी खदखदली. मी लाल झाले. आकडा मी पेणला टेबलाशी बसून ठरवला होता, हे खरंच होतं.

म्हाताऱ्यानं केळीचा खांब रोवला, त्यावर पळसाचं पान काट्यानं टोचलं. "डुकराचं काळीज एवढंच." पाच पावलांवरून तीन बाण. तिन्ही पानात लागले तर एक पाऊल मागं. एक जरी चुकला, तर त्याच्या आधीचं पाऊल ही त्या माणसाची हद्द. आमचा तो तरणा गडी "चाळीस घेतो!" म्हणत उतरला आणि पंधराव्या पावलावर चुकला. हद्द चौदा.

"उरलेली सव्वीस सासरी ठेवलीस का रं?" बहीण खाटेवरून ओरडली.

आठवड्यानं सकाळी मी हट्टानं त्यांच्यासोबत रानात गेले. डुक्कर समोर आलं, अख्खी कूस दाखवत उभं राहिलं. गड्यानं धनुष्य ताणलं. माझ्या डोळ्यांपुढं ती मांडी. त्यानं ओठांतल्या ओठांत अंतर मोजलं आणि धनुष्य खाली केलं. डुक्कर निघून गेलं. मला नाचावंसं वाटलं!

रिकाम्या हातानं वाडीत शिरलो तर बहीण लंगडत पुढं आली. "किती लांब व्हतं?"

"बावीस."

"मंग बेस केलंस. चल, भाकर खा."

पुढच्या शिमग्यापर्यंत रोह्याच्या बाजूच्या वाड्यांतही केळीचे खांब उभे राहिले. मी पत्रक नव्यानं छापलं, आकड्याच्या जागी मोकळी जागा सोडून. पहिलं त्या तरण्या गड्यानंच मागून घेतलं आणि कोळशानं त्या जागेत रेघा ओढल्या. मोजल्या मी. चौदाच होत्या.