नानाभाऊंची पट्टी

नानाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या कमरेचा एक्स-रे वाचत होतो. फोन ठेवला आणि रिपोर्ट पुरा केला. वाईट वाटलं नाही... महिना उलटला, अजूनही वाटत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार चांगले शब्द लिहा, असा निरोप आला. चांगले शब्द इतर लोक लिहितील.

ते एक्स-रेचे डॉक्टर, माझे वरिष्ठ. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. सिलतऱ्याचे कारखाने भरतीआधी तरण्या, धडधाकट गड्यांना कंबर तपासायला आमच्याकडे पाठवत. त्यांच्याच फिल्मांवरून नानाभाऊंनी माप काढलं. जुन्या फिल्मची पट्टी कापून तिच्यावर सुईने दोन रेघा ओढल्या : खालच्या मणक्यांमधली निरोगी गादी एवढी जाड असते. त्याहून कमी दिसली की गादी घासली. निरोगी बाई आमच्याकडे येतच नसे; धडधाकट सुनेला किंवा लग्नाच्या पोरीला कोण पाठवणार? तरी बायांच्या फिल्मवरही तीच पट्टी. बाईचा मणका सहसा लहान, गादीही त्या मानाने रुंदीला आणि जाडीला कमी. मला ते दिसत होतं. एकदाच बोललो, "सर, बायांची पट्टी वेगळी पाहिजे."

"काहून? ब्लाउजचं माप घेऊन राहिला का?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढे तीच पट्टी लावत राहिलो.

मग माझी धाकटी बहीण मंदा आली. बाळंतपणानंतर तिची कंबर जरा दुखत होती, एवढंच. नानाभाऊंनी पट्टी लावली. "गादी घिसून गेली, बेटा. वजन उचलायचं नाही. पोट्टीलेही नाही." मंदाने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू सांग." माझी नोकरी नवी होती. मी म्हणालो, "सर म्हणतात तसं कर."

तिने तसंच केलं. पोरगी सासूच्या कडेवर वाढली. "आमची बहू काचेची आहे," सासू पाहुण्यांना सांगे. मंदा जमिनीवर बसून हात पसरायची, पोरगी आजीला बिलगायची. दर दिवाळीला मी हे पाहिलं, चिवडा खाल्ला, घरी आलो...

तेराव्याला नानाभाऊंच्या पत्नीने पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुम्ही त्यांचे लाडके. आठवण असू द्या." तिथून थेट तेलीबांध्याला, मंदाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी गादी चांगली होती?"

"हव."

"अन् तुले तवाच मालूम होतं?"

"हव."

पोरगी कॉलेजातून आली, चप्पल काढत होती. मंदा उठली, तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला जमिनीवरून उचललं. "मम्मी, पागल हो क्या? उतारो, कमर जाएगी," पोरगी हसत होती. मंदा हसत नव्हती. तिला तशीच धरून मला म्हणाली, "दादा, आता तू जा."

गेलो. त्यानंतर तिचा फोन नाही.

पट्टी माझ्या टेबलावर आहे, फिल्म पाहायच्या दिव्यापाशी. बाईची फिल्म लावली की हात आधी तिच्याकडेच जातो. हा हात माझा आहे, एवढं मी कबूल करायला नानाभाऊंना मरावं लागलं.