भाव, सरकार आणि बाकी ठीक

“लोकांची पत्रं वाचायचा पगार देतात तिला?”

“ते लोक मेलेत, आबा. दोनशे वर्षं झाली.”

“मग तर कमालच झाली.”

मी माझ्या खोलीच्या दाराआड उभी होते, हातात पाण्याची रिकामी बाटली. ती भरायची तर हॉलमधून जावं लागणार, आणि हॉलमध्ये आबा आणि वहिनींमध्ये माझाच विषय चाललेला. मी बाटली टेबलावर ठेवली आणि आपल्याला तहान लागलेलीच नाही असं ठरवलं.

सिंगापुरात, क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमधली लहान खोली मी भाड्याने घेतली होती. घर मी ज्यांना वहिनी म्हणत असे त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, दोघंही आयटीत. आबा म्हणजे वहिनींचे सासरे, निपाणीहून काही महिन्यांसाठी आलेले. त्यांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं होतं, आणि मुलाने त्यांना आणलं ते अशा देशात, जिथे तंबाखूची पुडी खिशात घालून उतरायचीही सोय नव्हती. जेवण झालं की ते तळहातावर बडीशेप घेत, अंगठ्याने नीट मळत, वर दोन थापा मारत आणि चिमूट ओठाखाली ठेवत. दर वेळी त्यांचा चेहरा नव्याने पडत असे.

माझी नोकरी विद्यापीठात होती. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली त्या काळातल्या एका कुटुंबाची पत्रं स्कॅन होऊन आमच्याकडे आली होती. थोरला भाऊ व्हर्जिनियात तंबाखू पिकवणारा, धाकटा बंदराच्या गावी ती विकणारा. ती वळणदार अक्षरं लावून टाइप करायची, एवढंच माझं काम. नियम एकच: कागदावर आहे ते सगळं घ्यायचं, नाही ते पदरचं घालायचं नाही. मला ते काम फार आवडत असे. त्यात कोणाशी बोलावं लागत नसे.

आबांना हे कळल्यापासून ते रोज जेवताना विचारत, “काय म्हणतोय आपला माणूस?” आपला माणूस म्हणजे थोरला. मी दोन वाक्यांत सांगे: भाव पडलाय, आणि नव्या सरकारात एकही शहाणा माणूस नाही असं त्याचं म्हणणं आहे. आबा खूश होत. “बघ, म्हणजे तिथंही तेच.”

एकदा त्यांनी विचारलं, “आणि शेतात राबत कोण होतं?”

गुलाम, मी सांगितलं. त्यांची नावं मालमत्तेच्या यादीत, घोड्यांच्या नावांखाली येतात.

“आणि हाच गडी वर स्वातंत्र्यावर पानंच्या पानं लिहितो?”

मी मान हलवली. आबा जरा वेळ बडीशेप मळत बसले. “त्या लोकांची पत्रं?”

“नाहीत.”

त्या दिवसापासून त्यांनी त्याला ‘आपला माणूस’ म्हणणं सोडलं. ‘तुझा तो’ म्हणू लागले, जणू मीच त्याला घरात आणला होता. एका अर्थी ते खरंही होतं.

मग एका शनिवारी ते वही घेऊन माझ्यासमोर बसले. हात थरथरतो, म्हणाले, मी सांगतो, तू लिव्ह. पत्र निपाणीला जायचं होतं, धाकट्या भावाला. बाजार समितीच्या निवडणुकीत धाकटा समोरच्या पॅनेलमधून उभा राहिला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. हे मला वहिनींनी आधीच स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं. आबांना भाऊ दिवाळीला इथे यायला हवा होता. धाकट्याचा निरोप आला होता की दादाने स्वतः बोलावलं तरच येईन. “आबा म्हणालेत, मी लिहितो,” वहिनी म्हणाल्या. “आता ते वयही असं आहे गं दोघांचं, की पुढच्या वर्षीवर टाकता येत नाही.”

शेजारी बसून गृहपाठ करणारी आबांची नात म्हणाली, “जस्ट कॉल हिम, लाह.”

“आमच्या धंद्यात तोंडी धरत नाहीत,” आबा म्हणाले.

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली. मराठी मला येतं, पण मराठी आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. एकोणऐंशी म्हटलं की मी आधी मनात ऐंशी गाठून एक पायरी खाली उतरते. तोवर आबा पुढच्या भावावर, सव्वाअठ्ठ्याण्णववर पोचलेले असत. लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं.

“‘...सीमाप्रश्नाचं या सरकारकडून काही होणार नाही. आमटीत मीठ कमी आहे. यंदा माल ओला आला असेल तर...’”

“थांब. हे मीठ कुठून आलं?”

“तुम्ही म्हणालात.”

“तुला नाही, सुनेला म्हणालो.”

मी कानावर आलं ते सगळं घेतलं होतं. सवयच तशी लागली होती. वहिनी ओट्यापाशी हसत होत्या. आबांनी विचार केला. “राहू दे. इथं काय खायला घालतात ते त्यालाही कळू दे.”

पत्र गेलं. उत्तर आलं: तुमचा भाव जुना आहे, आणि इथलं राजकारण तिथं बसून कळायचं नाही. आबांनी त्याच दिवशी उलट पत्र सांगितलं, पहिल्याहून लांब. त्यालाही उत्तर आलं. मग आणखी एक गेलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी आबा जरा थांबत, खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकमध्ये बांबूंवर वाळणारे कपडे बघत, आणि म्हणत, “बाकी ठीक. लिव्ह, बाकी तुला कळतंच.”

वहिनी चिडल्या. “येतो म्हणून अजून एक शब्द नाही. किती भाव खावा माणसाने?”

त्या दिवशी आबांची बडीशेप तशीच हातात राहिली.

का येत नाहीत ते त्या घरात फक्त मला माहीत होतं; पत्रं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझ्याच हातून गेली होती. एखादी ओळ घुसडायला मला काय लागलं असतं? पण पदरचं घालायचं नाही ही सवय इतकी मुरलेली की पेन पुढे जाईना. आणि सांगावं, तर मी भाडेकरू. दुसऱ्यांच्या भावाभावांत मी कोण?

त्याच सुमारास ऑफिसात माझी पत्रं संपली. शेवटचं पत्र थोरल्याचं होतं. पानभर तंबाखू, पानभर नवे कर, खाली सही. त्यानंतरचा कागद वकिलाचा होता, थोरल्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेची वाटणी कळवणारा. अनेक वर्षांच्या त्या पत्रांत दोघे एकदाही भेटले नव्हते, आणि भेटू या असंही कोणी लिहिलं नव्हतं. मी तो कागद टाइप केला, तपासला, आणि घरी येताना बस माझा स्टॉप मागे टाकून पुढे गेली तरी उतरले नाही.

त्या शनिवारी आबांनी चौथं पत्र सांगितलं. व्हिसाची तयारी करायची तर आता शेवटचीच वेळ, असं त्यांच्या मुलाने सकाळी बजावलं होतं. पत्रात भाव आला, सरकार आलं, नव्या बाजार समितीची अक्कल निघाली. मग आबा खिडकीकडे बघत राहिले.

“बाकी ठीक,” ते म्हणाले. “झालं. पाकीट चिकटव.”

मी पाकीट हातात घेतलं आणि चिकटवलं नाही.

“काय झालं? गोंद नाही?”

वहिनी ओट्यापाशी थांबल्या. नातीने वहीतून मान वर केली. माझे कान तापले होते.

“आबा,” मी म्हणाले, “तुम्ही त्यांना अजून ‘ये’ म्हणालाच नाहीत.”