अक्काचं बस्तान

नेकनूरच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स नावाच्या गावात, माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. गाडी आली, निघून गेली, मी उभाच. आधी भाच्याशी भांडलोच. "अस्थी इकडं आण. परक्या मुलखात ठेवायची न्हाई तिला." तो हो म्हणाला, पण त्याला रजा मिळेना... तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही.

अक्काचा तरी कुठं ठरला? दसरा झाला की दाजींसोबत टोळीतून ऊसतोडीला जायची, उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची. उसाच्या फडाजवळ राहायला पाचटाची कोपी उभारायची आणि कारखाना बंद झाला की स्वतःच्या हातानं मोडायची. तिकडं गेली की घराची ओढ, घरी आली की पुढच्या खेपेची धास्ती. "बारा म्हैने एका चुलीवर भाकरी करायची हाय रं मला," म्हणायची. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

दाजींच्या माघारी भाच्यानं तिला अमेरिकेला नेलं तेव्हा महिनाभरात कंटाळून परत येईल, अशी माझी खात्री होती. फोनवर मी एकच विचारायचो, "कधी येतीस?" ती भलतंच सांगायची. काल मोकळं रान होतं तिथं आज बंगले, शेजारीपाजारी सगळे नवीन. "आरं, ह्या गावाचं जुनं गावठाण कुठं हाय, कुनालाच म्हाईत न्हाई." शेवटी भाच्याच्या मागं लागून तिनं ते शोधलंच. पूर्वी जर्मनीहून आलेल्या लोकांचं एक लाकूड-मातीचं घर तिथं जपून ठेवलंय. ते बघून आल्यावर म्हणाली, "ही बी टोळीच आलती रं. पन ह्यांनी कोपी मोडली न्हाई." मला रागच आला. म्हटलं, बाई भुलली.

परवा भाच्यानं व्हिडिओ कॉलवर घराचं परसदार दाखवलं. कुंपणाच्या कडेला मातीची चूल, लिंपताना अक्काची बोटं उमटलेली. ती घालून वर्ष उलटून गेलं होतं, अक्काची रोजची भाकरी हिच्यावरच व्हायची. कॉलनीवाले काढा म्हणून आले, तर अक्का चुलीपुढं बसून राहिली, उठलीच नाही म्हणे. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"रजा मिळाली मामा. अस्थी घेऊन येतो," भाचा म्हणाला.

माझी नजर चुलीवरून हलेना. त्या गावातून नदी वाहते, हे अक्कानंच सांगितलं होतं.

"तिथंच नदीत सोड बाबा," मी म्हणालो. "अक्काला आता कुठं हलवू नको."