मामाला मारलेली हाक

माझे वडील मंगळवार पेठेतले आणि आई पलीकडच्या पेठेतली. कोल्हापुरात अशी लग्नं सुखानं नांदतात, फक्त फुटबॉलचा हंगाम सोडून. त्यात माझा मामा आईच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर. या दोन पेठांचा सामना असला की आईची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी व्हायची. भाकऱ्या थापता थापता ती म्हणायची, "बरोबरीत सुटू दे बाई एकदाचं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. बायका-मुली तेव्हा सामन्याला फारशा जात नसत, पण मी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते, म्हणून वडील मला न्यायला तयार झाले. सायकलवर बसवताना त्यांनी अट घातली, "आपल्या पेठेची माणसं असत्यात तिथं. मामाला हाक मारायची न्हाय. गप बसायचं." मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जात होतं?

मैदानावर दोन्ही पेठा आपापल्या बाजूला बसलेल्या. आमची जागा एका गोलच्या अगदी जवळ होती आणि उत्तरार्धात मामा तिथंच येऊन उभा राहिला. घरी बनियनवर बशीतून चहा पिणारा माझा मामा हातमोजे घालून असा काही उभा होता की ओळखीचाच वाटेना. तो आपलाच आहे ना, याची मला खात्री करून घ्यावीशी वाटली. तेवढ्यात आमच्या संघातल्या कुणीतरी लांबून चेंडू मारला. अगदी मरतुकडा, घरंगळत येणारा. मामा तो धरायला वाकला आणि मी सगळा जीव एकवटून ओरडले, "मामा!"

चेंडू त्याच्या हाताखालून आत गेला.

आमची बाजू उसळली. कुणीतरी माझी हाक उचलली, "मामा झाला रं, मामा झाला!" बघता बघता सगळी पेठ 'मामा, मामा' करू लागली. मला वाटलं, माझा मामा आज सगळ्यांचाच मामा झाला. मीही उभी राहून त्यांच्यात ओरडत होते. मामा होणं म्हणजे फसणं, हे मला वडिलांचा चेहरा बघून कळलं. आपली पेठ पुढं होती आणि ते टाळ्या वाजवत नव्हते.

मामाच्या हातून सामना त्याच गोलावर गेला. त्या दिवसापासून त्याचं नाव 'मामा' पडलं. त्याच्याहून थोरली माणसंसुद्धा रस्त्यात विचारायची, "काय मामा, बॉल कुठं गेला?" पुढच्या हंगामात त्याला राखीव म्हणून बसवलं. मग त्यानं बूट माळ्यावर टाकले आणि बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरी धरली. आमच्याकडे तो यायचा, येताना माझ्यासाठी पेरू आणायचा, पण मी त्याला मामा म्हणणं सोडलं. "ऐक की", "इकडं बघ" असं काहीतरी करून वेळ मारून न्यायचे. मी त्याची चेष्टा केली असं त्याला वाटत असणार, या विचारानं मी त्याच्या पंगतीला बसायचं टाळायचे. तसं नव्हतं, हे सांगायचा धीर मात्र झाला नाही. अशी बारा-तेरा वर्षं गेली.

माझ्या लग्नाला दोन्ही पेठा आल्या होत्या. मुहूर्ताच्या आधी भटजींनी माइकवर पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी जुनाच सूर लावला, "मामा, ओ मामा!" हशा पिकला. मामा कार्यालयाच्या दाराशी मान खाली घालून घुटमळला. माझं डोकंच फिरलं. नवरीच्या खोलीतून बाहेर येऊन, मुंडावळ्या सावरत मी ओरडले, "मामा, ये की!"

तो आला आणि माझा हात धरून चालू लागला. मी हळूच म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुला चिडवायचं न्हवतं मला."

"ठाऊक हाय की," तो म्हणाला. "तुझा आवाज आला म्हणून तर वर बघितलो."

माझं पाऊल अडलं. "मग कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"नऊ वर्सांच्या पोरीचं नाव सांगू व्हय? चल, मुहूर्त टळंल."

अंतरपाटामागं मी हमसून हमसून रडले. माहेर सुटतंय म्हणून रडते, असं बायका एकमेकींना सांगत होत्या.