न कुजलेली चिंधी

नोनी हेहिरला आमचं गाव टरकून असायचं. संतिणीच्या कृपेने डोळ्यांची दुखणी बरी करणाऱ्या विहिरीची राखण तिच्याकडे आईकडून आली होती. चाळीस वर्षं ती पाण्यातली पानं काढत होती, पेले घासत होती आणि काठावरच्या काटेरी झाडाला कोण काय बांधतंय यावर डोळा ठेवून होती.

आजाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी त्या झाडाला बांधायची. ती कुजत जाते तसं दुखणं जातं. पण हल्ली लोक वाट्टेल ते बांधतात. "अहो, प्लॅस्टिकची पिशवी बांधलीत? आता बसा प्रलयापर्यंत डोळे चोळत!" नोनी खेकसायची. मी तिचा शेजारी, तिथलं गवत कापणारा. माझी फुकटात करमणूक व्हायची.

धाकटी बहीण डेलिया हिच्याशिवाय तिला कोणी नव्हतं. दोघींनीही लग्न केलं नाही. डेलियाच्या डोळ्यांचे पडदे झिजायला लागले, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नोनीने तिच्या निळ्या ब्लाउजची पट्टी फाडून झाडाला बांधली. मग दर शुक्रवारी विहिरीला नऊ फेऱ्या, फेरीगणिक एक खडा काठावर. अशी बारा वर्षं गेली. नोनीचे गुडघे गेले, फेऱ्या काही सुटल्या नाहीत.

आणि ब्लाउज नायलॉनचा होता! गावाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईने घाईत पाहिलंच नव्हतं. ध्यानात आलं तिसऱ्या वर्षी. पण दुसऱ्याची चिंधी सोडली की दुखणं सोडणाऱ्याला जडतं.

"सुती बांध की दुसरी," मी म्हटलं.

"एका दुखण्याला एकच. संतिणीला वेडी समजतोस?"

"मग मी कापतो ही."

"आणि आंधळा झालास की गवत तुझा बाप कापणार?"

घरी डेलिया विचारायची, "कुजली का गं?"

"अर्धी गेली," नोनी सांगायची. नोनीची मला फार कीव यायची.

गेल्या उन्हाळ्यात संतिणीच्या सणाला डेलिया हट्टाने विहिरीवर आली. तिला आता काहीच दिसत नव्हतं. नोनीचा दंड धरून ती फेऱ्या घालू लागली. सहाव्या फेरीचा खडा ठेवताना नोनीचा गुडघा लचकला. डेलियाने सावरायला फांदी धरली आणि तिच्या बोटांना ती पट्टी लागली. बराच वेळ ती चाचपत राहिली.

"माझा निळा ब्लाउज. अजून कोरा करकरीत."

नोनी तिला घाईने पुढच्या फेरीला ओढू लागली.

"ताई, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. 'अर्धी गेली' म्हणताना तुझा आवाज दरवेळी बसायचा."

डेलिया गाठ सोडायला लागली. नोनी ओरडली, "अगं, हात लावू नकोस! जडेल!"

"मला काय जडणार? माझंच आहे ते."

तिने पट्टी सोडून खिशात घातली आणि म्हणाली, "चल घरी. दमलीस तू."

नोनी तिथेच दगडावर बसून रडली. उरलेले तीन खडे तिच्या मुठीतच होते.