केसरची दुसरी खूण

१९३१ सालच्या माघात रेवदंड्याच्या कोळीवाड्यात एक गोरा तरुण रोज येऊ लागला. होडी चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला तो एकच प्रश्न विचारी आणि प्रत्येक जण हात लांबवून त्याला वेगळी दिशा दाखवी. त्याची वही भरत चालली, नकाशा मात्र कोराच राहिला. बोंबील वाळत घालता घालता केसर हे पाहत होती. हा विचारतो तरी काय? न कळलेली गोष्ट केसरला सुखाने जेवू देत नसे.

तो तरुण, एरिक, चौलच्या शाळेतल्या दिनानाथ मास्तरांकडे उतरला होता. एकदा दोघे बरोबर आले, तेव्हा तिने मास्तरांनाच गाठलं.

“मास्तर, तुमच्या पाव्हण्याचं दर्यात काय पडलंय?”

मास्तरांनी सांगितलं, चारशे वर्षांपूर्वी याच्या देशातला लिंड नावाचा प्रवासी गलबताने चौलला आला. याच्या देशातल्या विद्यापीठाने त्या लिंडच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवली आहे. तिकडचा एक विद्यार्थी इकडे येतो, मुंबईचा एक तिकडे जातो. लिंडच्या गलबताने नांगर कुठे टाकला, हे एरिकने शोधायचं. महिनाच उरला आहे.

“आन् त्यो लिंड खायचा काय? बोंबील?”

“ते त्याने लिहिलेले नाही, बाईसाहेब,” एरिक पुस्तकी मराठीत म्हणाला.

“बाईसाहेब!” शेजारची रंगू टोपलीवर कोसळून हसली. “केसरे, खुर्ची आन गं बसायला!”

एरिकने लिंडचा मजकूर वाचून दाखवला. कोरलईच्या डोंगराचं नाक मागच्या खिंडीवर आलं, तेव्हा इथल्या कोळी वाटाड्याने हात वर केला आणि नांगर पडला.

केसरच्या हातातला बोंबील हातातच राहिला. ही तर तिच्या सासऱ्याची खूण!

त्या जागी तिच्या घरची जाळी लागत. केसर जन्मात होडीतून मासेमारीला गेली नव्हती, पण जागेच्या खुणा तिला तोंडपाठ होत्या. त्या घरात सासू सुनेला खुणा सांगे. पुरुष दर्यावरून परतला नाही, तर पोराला सांगायला कोणीतरी हवं. केसरचा नवरा तुळशीराम परतला नव्हता. मुलाला, सदाला, खुणा तिनेच शिकवल्या आणि सदाची होडी त्या जागेवर तगली होती. जागा छापून आली, तर थळपासून मुरुडपर्यंतच्या होड्या तिथे गोळा होणार.

“न्हाय ठाऊक,” म्हणून ती उठली.

घरी मात्र तिला चैन पडेना. ही खूण लिंडला कोणी सांगितली? तेव्हा आपल्यातलंच कोणी फुटलं की काय? तिसऱ्या दिवशी तिनेच एरिकला हाक मारली.

“म्होरं काय लिवलंय त्यानं?”

“पुढे काही नाही. नांगर पडला, एवढेच.”

“आन् दुसरी खूण?”

“दुसरी कोणती?”

केसर खो खो हसली. “शाना व्हता की रं त्यो वाटाड्या!”

तिने वाळूत एकामागे एक दोन काठ्या रोवल्या. “ही कोरलई, मागं ती खिंड. आता काठीवर काठी धरून मागं सर. अजून सर.”

एरिक सरता सरता गुडघाभर पाण्यात गेला. काठ्या एकावर एकच दिसत होत्या.

“आता नांगर कुठं टाकशील?”

त्याने वाळूतल्या आपल्या पावलांची सरळ रांग पाहिली. “कुठेही,” तो हळूच म्हणाला.

“आडवी दुसरी खूण मिळाली, की मग जागा. ती त्यानं लिंडला सांगितलीच न्हाय.”

“ती आपल्याला माहीत आहे.”

“व्हय.”

“मी विचारू?”

“विचार की. मी सांगायची न्हाय.”

एरिकने पाण्यातच उभं राहून वही उघडली. मग म्हणाला, “सांगत नाहीत, असे लिहू?”

“तेवढं लिव. माझं नाव नको.”

दोन वर्षांनी मास्तरांकडे छापील पुस्तक आलं. नकाशातल्या समुद्रावर एक लांब रेघ होती, ठिपका कुठेच नव्हता. दुसरी खूण इथल्या कोळ्यांपाशी आहे आणि ते ती सांगत नाहीत, असं खाली छापलं होतं. कोरलई कुठली ते विचारून केसरने रेघेवरून बोट फिरवायला घेतलं. एका जागी ते जरा थांबलं.

“तिथे काय आहे?” मास्तरांनी पटकन विचारलं.

“काय न्हाय. बोट ओलं व्हतं, चिकटलं.” तिने बोट पदराला पुसलं. “मास्तर, मुंबैचं पोर तिकडं गेलंय न्हवं? त्याला तिथं मासळी कंची मिळती, ते कोनी लिवलंय काय?”