हरणाऱ्याने कोर्ट ओढायचं

एकसष्टाव्या वर्षी मी फार लहान होते. आज सदुसष्ट पूर्ण झाल्यावर त्या बाईकडे बघते, तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो.

मुलुंडच्या आमच्या क्लबात ज्येष्ठ महिलांच्या टेनिस एकेरीत मी सलग पाच वर्षं चॅम्पियन होते. हे वाक्य मी त्या काळी लग्नकार्यात, भाजीवाल्याकडे, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंडात कापूस असतानाही ऐकवलं आहे. न सांगितलेला भाग असा, की स्पर्धेत एकूण सात बायका असायच्या. त्यातल्या दोघी नाश्त्याच्या इडलीसाठी नाव द्यायच्या आणि एकीला मोतीबिंदू होता. उरलेल्या चौघींत मी एक.

माझा खेळ सोपा होता. जोरात सर्व्हिस, आणि ती परत आलीच तर आणखी जोरात फोरहँड. तिसरा फटका मला येत नव्हता, कारण तो कधी लागलाच नाही. कोर्टं सिमेंटची होती, बॉल सणकन जायचा. पण गुडघे कुरकुरायला लागले, तशी मी सह्यांची मोहीम काढली. सिमेंट काढा, मातीची कोर्टं करा, आमच्या गुडघ्यांचा विचार करा. दारोदार फिरून मी सह्या जमवल्या आणि कमिटीने दोन कोर्टांवर मुरूम आणि विटांचा चुरा टाकला. म्हणजे पुढे जे झालं ते मी स्वतः अर्ज करून मागवून घेतलं होतं.

मातीची कोर्टं पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीच्या सुमारास रोलर फिरवून, पाणी मारून, पांढऱ्या फक्कीच्या रेघा आखून ती खुली होतात. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्यावर खेळ चालतो. त्याला आम्ही मातीचा सीझन म्हणतो. माझी समजूत अशी होती की माती म्हणजे लाल रंगाचं सिमेंट.

कोर्टं राखायचं काम आमच्या मार्करकडे. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. सभासदांबरोबर खेळायचं, नवख्यांना शिकवायचं आणि कोर्टाची निगा ठेवायची, हे सगळं तोच करतो. आमचा मार्कर केस पिकलेला, कमी बोलणारा. माती आल्यावर त्याने एकच नियम केला. सामना संपला की हरणाऱ्याने कोर्ट ओढायचं. बांबूला बांधलेलं ओलं गोणपाट दोरीने अख्ख्या कोर्टावरून फिरवायचं आणि पावलांचे खड्डे, बॉलचे डाग पुसून माती सारखी करायची. मला हा नियम फारच आवडला. मी हरत नव्हते ना.

त्याच वर्षी घाटकोपरहून एक बाई नवीन सभासद झाल्या. मूळच्या मालवणच्या, वडील गिरणीत होते, स्वतः शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागल्या. एवढं कारण मला राग धरायला पुरलं. खेळायच्या कशा, तर अंगणात पापड राखत बसल्यासारख्या. घाई नाही, जोर नाही, पण आलेला प्रत्येक बॉल परत.

फायनल आमच्या दोघींची झाली. जी सर्व्हिस सिमेंटवर बायकांच्या कानाजवळून जायची, ती मातीत पडल्यावर जरा टेकायची, श्वास घ्यायची आणि मग सावकाश उठून त्यांच्या रॅकेटवर जाऊन बसायची. तरी पहिल्या सेटमध्ये पाच-पाचपर्यंत मी ओरडत, धापा टाकत पोचले.

आमच्याकडे अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. त्यांचा एक उंच बॉल माझ्या मागच्या रेघेपाशी पडला आणि मी सवयीने बोट वर केलं. आउट. सिमेंटवर इथे विषय संपायचा. या बाई मात्र नेटला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या, वाकल्या आणि रॅकेटच्या टोकाने मातीवर एक गोल काढला.

"आउट खंय, ताई? हो बघा. रेघेर बसलो हा."

गोलाच्या आत बॉलचा डाग होता आणि डागाला फक्की लागलेली होती. बाकांवरची मंडळी बघायला आली. मोतीबिंदूवालीही आली आणि तिलाही दिसला.

त्यानंतर माझी सर्व्हिस गेली. हात तोच, रॅकेट तीच, पण बॉल वर उडवला की तो खाली येऊच नये असं वाटायचं. पहिली बाहेर, दुसरीही बाहेर, डबल फॉल्टवर डबल फॉल्ट. उरलेला सामना मी त्या बाईंना जवळजवळ घरपोच दिला. संपल्यावर मार्करने दोरी माझ्यापुढे धरली. मी म्हणाले, मला लगेच निघायला हवं, ह्यांची प्रेशरची गोळी द्यायची आहे. हे तेव्हा कोर्टाच्या कडेला बसून माझ्या वाटणीची इडली खात होते. ह्यांना प्रेशर नाही. कधीच नव्हतं. "कसली गोळी?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलंसुद्धा. कोर्ट त्या दिवशी मार्करनेच ओढलं.

पुढचे महिने मी काय काय केलं ते आठवलं की हसू येतं. रॅकेटची तार बदलली. बूट बदलले. मनाची ताकद वाढवण्याचे व्हिडिओ पाहिले. त्यातला एक तरुण सांगत होता की डोळे मिटा आणि स्वतःला जिंकताना पाहा. मी मिटले, तर गोल दिसला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर सर्व्हिसचा सराव केला. तिथे रेघ नाही, नेट नाही, तरी डबल फॉल्ट झाला, कारण दोन्ही बॉल सेक्रेटरींच्या गाडीवर गेले. क्लबात विचारणाऱ्यांना आधी खांदा सांगितला, मग टाच, मग कोणीतरी खांदा बरा आहे का म्हणून विचारलं तेव्हा मी टाच चोळत राहिले.

दिवाळी आली, कोर्टं खुली झाली. स्पर्धेला नावं द्यायची यादी नोटीस बोर्डावर लागली. मी रोज यादीपर्यंत जायची आणि पेन विसरल्यासारखं करून परत यायची. यंदा नाव दिलं नाही, तर आपण पुन्हा कधीच देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्यांनाही असावं. एका सकाळी चहाचा कप ठेवून ते म्हणाले, "अगं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. आउट म्हणायला घाबरतेस तू."

मी त्यांचा अर्धा भरलेला कप उचलला आणि बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी क्लबात गेले. कोणी बघायला नसताना सर्व्हिस करून पाहू, एवढाच बेत. मार्कर पाइपने पाणी मारत होता. माझी पिशवी बघून त्याने पाणी बंद केलं आणि गोणपाटाची दोरी आणून दिली.

"मॅडम, खेळा नंतर. मागच्या सीझनचं राहिलंय."

मी अंगणात झाडू मारावा तशी सरळ सरळ ओढायला लागले. मागे वळून पाहिलं तर कोर्टावर नांगरल्यासारखे चर पडलेले. तो बराच वेळ हसला. मग त्याने दाखवलं. कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत आत यायचं. नाहीतर माती कडेला जमते आणि मधे खड्डा राहतो. रोज येऊन ओढा, मग खेळा, म्हणाला. तीन आठवडे मी रोज गेले. पहिल्या आठवड्यात कंबर धरली आणि माझी खरी टाच खरोखर दुखायला लागली, पण आता सांगणार कोणाला.

खेळल्यानंतरही मीच ओढायची. पुसायच्या आधी माझ्या सर्व्हिसचे डाग बघत उभी राहायची. मला वाटत होतं माझे बॉल कुठेही जातात. तसं नव्हतं. सगळे एकाच जागी, सर्व्हिसच्या आतल्या रेघेच्या वीतभर पलीकडे, एकमेकांना चिकटून बसलेले. मी चुकत होते, पण शिस्तीत. वीतभर अलीकडे, जरा कमी जोरात, एवढंच काम होतं.

पण ते डाग बघताना दुसरंही काही कळलं, आणि ते तितकं सोपं नव्हतं. सिमेंटवर डाग राहत नाही. त्या पाच वर्षांत मी किती वेळा बोट वर केलं असेल? खोटं बोलत नव्हते, एवढं शपथेवर सांगते. हरायची वेळ आली की माझ्या डोळ्यांना रेघ जरा आत सरकलेली दिसायची, इतकंच. माझ्या ज्या आत्मविश्वासाचं एवढं कौतुक व्हायचं, त्यात निम्मा वाटा त्या बोटाचा होता.

त्या संध्याकाळी मी शोकेसमधले पाचही कप काढले आणि ह्यांना शिडीवर चढवून माळ्यावर ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवले. तत्त्व बरोबर होतं, पण शोकेस फार भकास दिसत होती.

यादीवर नाव दिलं, शेवटच्या दिवशी, मार्करच्या खिशातल्या पेनने.

फायनल पुन्हा आमच्या दोघींची. मला आवडलं असतं की तुम्हाला एका जिद्दीच्या खेळीचं वर्णन करावं, पण ते दोन म्हशींनी चिखलात वाद घालावा तसं चाललं होतं. एक सेट त्यांचा, एक माझा. दोघींच्या वयाकडे बघून तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, तोही दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. त्यात आठ-आठ झालं आणि त्यांचा एक उंच बॉल माझ्या मागच्या रेघेपाशी पडला.

बाकांवरून दोन-तीन जणी आधीच आउट म्हणाल्या. ह्यांचा आवाज त्यात सर्वांत मोठा. आणि खरं सांगते, मलाही तो बाहेरच दिसला. बोट अर्धं वर गेलं होतं. मग मी मागे वळले, वाकले आणि बघितलं. डागाच्या कडेला फक्कीचा पांढरा ठिपका लागला होता. मी रॅकेटच्या टोकाने गोल काढला आणि म्हणाले, "आत आहे. पॉइंट तुमचा."

आठ-नऊ. आता एक गुण गेला की सामना गेला, आणि सर्व्हिस माझी.

पहिली वीतभर बाहेर. दुसरी मारताना रेघ सोडून तिच्या वीतभर अलीकडची माती बघितली. ती जागा मी तीन आठवडे रोज पुसलेली होती. बॉल तिथे पडला. जोर काहीच नव्हता, पण आत होता. त्या बाईंना माझ्याकडून इतक्या सभ्य सर्व्हिसची अपेक्षा नसावी. त्यांनी तो नेटमध्ये घातला. नऊ-नऊ. पुढचे दोन गुण कसे मिळाले ते मला आठवत नाही. ह्यांना आठवतात, पण दर वेळी वेगळे. अकरा-नऊ. मी जिंकले.

मार्कर दोरी घेऊन आला आणि त्याने ती बाईंपुढे धरली. त्या आमच्या क्लबात आल्यापासून एकदाही हरल्या नव्हत्या, म्हणजे कोर्ट ओढायची वेळच आली नव्हती. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चेहरा अगदी गंभीर करून म्हणाल्या, "माका जाऊक व्हया, ताई. आमच्या ह्यांची प्रेशरची गोळी ऱ्हवली."

बाकांवर जो हशा पिकला तो शेजारच्या बॅडमिंटन हॉलमधून लोक डोकावून बघेपर्यंत टिकला. मार्करने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग बाईंनी निमूट दोरी खांद्यावर घेतली आणि निघाल्या, झाडू मारल्यासारख्या, सरळ सरळ.

मला राहवेना. "अहो, चर पडतील," म्हणून मी दुसरं टोक धरलं. कडेने गोल गोल, बाहेरून आत. त्या हळू चालत होत्या आणि मी शिकवत होते, तीन आठवड्यांच्या अनुभवाच्या जोरावर, तीस वर्षांचा अनुभव असल्यासारखी. मागच्या रेघेपाशी मी काढलेला गोल आला तेव्हा दोघी थांबलो. त्यांनी वाकून डाग पुन्हा नीट पाहिला.

"रेघेरच होतो," त्या म्हणाल्या.

कडेवरून हे ओरडले की इडली संपत आली आहे. आम्ही गोणपाट गोलावरून नेलं आणि जरा भराभर आत वळलो.